आमची वाटचाल: दुकान एका राज्यात, उधारी दोन राज्यांत

आमचं पशुखाद्याचं दुकान कर्नाटकातल्या निपाणीत आहे, गिऱ्हाईक मात्र दोन राज्यांतलं. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल तालुका, म्हणजे महाराष्ट्र. गोठ्यात जाऊन बघाल तर तीच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, तीच मुऱ्हा म्हैस, तोच खिलार खोंड. आमच्या वहीतही दोन्हीकडची नावं एकाच पानावर आहेत.

धंदा वडिलांनी सुरू केला. त्याआधी ते तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. 1981 च्या तंबाखू आंदोलनानं निपाणीचं नाव देशभर झालं, पण पुढं तंबाखूची रानं हळूहळू उसाखाली गेली. ऊस आला म्हणजे वाडं (उसाचे हिरवे शेंडे) आलं, वाडं आलं म्हणजे दावणीला एखादं जनावर जास्त बांधता आलं. वडिलांनी हे हेरलं आणि सरकी पेंडेची पोती मागवून दुकान मांडलं. गोळी पेंड, मका भरडा, खनिज मिश्रण हे सगळं माझ्या काळातलं.

आमचं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. दूधवाल्याचं डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, तो थोडे थोडे का होईना पैसे देत राहतो. खोंडवाल्याचं तसं नाही. तो वासरू घेतो, दोन-अडीच वर्षं पोसतो, पेंड उधारीवर नेतो आणि खोंड विकला की सगळा हिशेब एकदम मिटवतो. त्याचा घेणारा बहुतेक वेळा सांगली-साताऱ्याकडचा. म्हणजे आमचे पैसे सीमा ओलांडून गेलेल्या जनावराच्या पाठीवरून परत येतात.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती थांबल्या आणि खिलारची किंमत उतरली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना परत परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या भागात नुसती धांदल उडाली. पाय उंच, पाठ सरळ, अंगात चपळाई असलेल्या खोंडाला पुण्याकडून घरी येऊन मागणी व्हायला लागली. ज्यांनी कधी खोंड पाळले नव्हते त्यांनीही पाळले. आम्ही सढळ हातानं उधारी दिली. देणारच की, सगळा बाजार वर चाललेला.

सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीची, म्हणजे जनावराच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, साथ आली. महाराष्ट्रानं सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. इकडं कर्नाटकातही बाजार आणि जनावरांच्या जत्रा थांबल्या. पेंडेची गाडी कोगनोळीवरून आरामात जायची. जीएसटी आल्यापासून मालाला राज्याची सीमा उरलेली नाही आणि पशुखाद्याला तर करही नाही. जनावराचा पाय मात्र पुढं पडत नव्हता. खोंड दावणीला बांधून खात होते आणि आमची बाकी वाढत होती.

त्या दिवसांत दुकानाच्या कट्ट्यावर जो वाद चालायचा तो मला अजून आठवतो. खोंडवाले म्हणायचे, "अण्णा, नाका उघडू दे, पयलं तुझंच बिल भागवतो." चार एचएफ गायी असलेल्या एक मावशी पेंड न्यायला यायच्या. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "नाका उघडल्यावर माझ्या गायींच्या अंगावर गाठी आल्या तर त्येचं बिल कोण भागवणार?" दोघांचं बरोबर होतं. लम्पी पसरते ती डास, गोमाशी, गोचिडांमुळे, आणि गाडीतून शंभर कोस गेलेलं एक बाधित जनावर तो रोग नव्या गावात नेऊन सोडतं. ज्यांच्याकडं फक्त म्हशी होत्या ते या भांडणात पडत नव्हते, कारण म्हशींना हा रोग फार कमी होतो.

वर आणखी एक गंमत. गंमत म्हणायची आपली. मेलेल्या गाईला महाराष्ट्रात 30 हजारांची मदत, कर्नाटकात 20 हजारांची. बैलाला उलट, तिकडं 25 हजार, इकडं 30 हजार. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर जनावराचा जीव वेगळ्या भावानं मोजला जात होता. त्यावरून कट्ट्यावर जे विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

माझं स्वतःचं मत तेव्हा बदलत गेलं. धंद्याच्या हिशेबानं मला नाका उद्याच उघडायला हवा होता. पण माझी निम्म्याहून जास्त विक्री दूधवाल्यांवर चालते. साथ गोठ्यात शिरली की दूध तुटतं आणि दूध तुटलं की दहा दिवसांचं बिल तुटतं. दोन्ही वह्या समोर ठेवल्यावर एवढं कळलं की ‘उघडा’ किंवा ‘बंद ठेवा’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं जनावर जाऊ द्यायचं, हे विचारायला हवं. पुढं महाराष्ट्रानं तशीच अट घातली. शेळ्यांच्या देवीची लस (लम्पीसाठी तीच वापरत होते) टोचून 28 दिवस झालेले असावेत, कानात बिल्ला असावा, पशुवैद्यकाचा दाखला असावा. ज्यांनी लस वेळेवर टोचून घेतली होती त्यांचे खोंड आधी गेले. ज्यांनी ‘आपल्या गावात कुठं आलाय रोग’ म्हणत टाळाटाळ केली, त्यांना 28 दिवस आणखी पेंड घालावी लागली, तीही माझ्याच उधारीवर.

नंतर अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या बातम्या वाचल्या तेव्हा आमचाच कट्टा आठवला. नोव्हेंबर 2024 मध्ये मेक्सिकोच्या दक्षिणेला, चियापासमध्ये, जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालणारी, जिच्या अळ्या मांस पोखरतात अशी माशी सापडली. अमेरिकेनं मेक्सिकोची जनावरं घेणं थांबवलं, फेब्रुवारी 2025 मध्ये परत सुरू केलं, मे मध्ये परत बंद. 7 जुलैला ॲरिझोनातलं डग्लस हे सीमेवरचं एक ठाणं उघडलं आणि नवा रोगी सापडल्यावर दोनच दिवसांत मिटलं. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या सोनोरातले पशुपालक तेव्हा म्हणत होते, रोग दक्षिणेत, आमच्याकडं एकही जनावर बाधित नाही, मग आमची वासरं का अडवता? तिकडं अमेरिकेत 2025 च्या सुरुवातीला गुरांची संख्या 1951 नंतरची सर्वात कमी होती, 8 कोटी 67 लाख; भाव चढलेले. ज्याच्याकडं विकायला वासरं आहेत त्या अमेरिकन पशुपालकाला सीमा बंद राहिलेली परवडते, ज्याला वासरं विकत घेऊन पोसायची आहेत त्याला परवडत नाही. त्यांच्याकडं निदान एक उपाय आहे: कारखान्यात माशा वाढवून, किरणांनी नर वांझ करून सोडायचे. मादी आयुष्यात एकदाच संग करते, त्यामुळं पुढची पिढीच होत नाही. लम्पी पसरवणाऱ्या डास-गोचिडांवर असला उपाय आपल्याकडं वापरात नाही. आपल्याला लस आणि बिल्ल्यावरच भागवावं लागतं.

आमच्या पेढीत त्यानंतर एक बदल झाला. खोंडासाठी उधारी मागणाऱ्याच्या नावापुढं आता त्याच्या जनावराच्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर आणि शेवटच्या लसीची तारीख लिहितो, लाळ्या खुरकुत या दुसऱ्या साथीच्या रोगाच्या लसीची पण. तारीख जुनी असेल तर उधारी अर्धीच. काही लोक हसले. ‘पेंड विकतोयस का जनावरांचा दवाखाना काढलायस?’ असंही एकानं विचारलं. पण ज्या जनावराला सीमेपलीकडं जायची मुभा नाही, त्याच्यावर पैसे लावायला माझी तयारी नाही. रस्त्यात कागद पूर्ण असूनही गाड्या अडवल्या जातात, तो त्रास वेगळाच. त्यावर माझ्या वहीत इलाज नाही.

दूधवाल्यांना हा नियम लागू नाही, तरी त्या मावशींनी आपणहून चारही गायींचे नंबर लिहून दिले. एक जुने खोंडवाले मात्र रागावले आणि शेजारच्या दुकानातून पेंड न्यायला लागले. त्यांची मागची बाकी आमच्याकडं तशीच आहे. पावसाळ्यानंतर त्यांचा खोंड कवठेमहांकाळकडं जायचा आहे म्हणतात, तेव्हा दाखल्यासाठी बिल्ल्याचा नंबर शोधत ते इकडंच येतील, कारण तो खोंड वासरू होता तेव्हाचा नंबर आमच्याच वहीत आहे.