दिसत नसलेली लाल बॉर्डर

मामाचा स्पेक्ट्रम परत एकदा मेला असं मला वाटलं होतं. झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, म्हणजे टीव्हीला जोडून वापरायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, रबरी बटणांचा, मामाने १९८४ मध्ये लंडनहून येताना कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेला. (पुढे आपल्या पुण्यातच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सवाले लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस बनवायला लागले, तेव्हा मामा जरा हिरमुसला होता म्हणे.) गेल्या वर्षी मी त्याचा कीबोर्डचा मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा) बदलला, सगळं नीट चाललं, आणि परवा दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढून लावला तर टीव्हीवर निळा स्क्रीन आणि 'नो सिग्नल'. बस्स.

आता इथे मी जे केलं ते करू नका, म्हणजे लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेलो. मामाला व्हॉट्सॲप कॉल लावला तर तो सांगलीहून ओरडला, "अरे आधी कान लाव की त्याला! टिक वाजतंय का?"

स्पेक्ट्रममध्ये आतच एक छोटा स्पीकर असतो, टीव्हीतून आवाज येतच नाही, आणि प्रत्येक बटण दाबलं की बारीकशी टिक येते. ती टिक रॉममधला (कायमच्या मेमरीतला) प्रोग्राम करतो, म्हणजे प्रोसेसर झोपलेला असेल तर ती येणारच नाही. पंखा बंद केला, कान टेकवला, बटण दाबलं. टिक! मग मामाने फोनवरून आंधळेपणाने बीप ही आवाज काढायची कमांड टाइप करायला लावलं: कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकदम, मग सिम्बॉल शिफ्ट धरून झेड, मग १, मग सिम्बॉल शिफ्ट धरून एन म्हणजे कॉमा, मग ०, एंटर. आणि डबा एक सेकंदभर पीईईप वाजला. मामी मागून विचारतेय कुकर लागला का.

या एका बीपने किती काम वाचलं बघा. यातल्या खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिप्सना तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि -५, आणि त्यातलं एक जरी गेलं तरी मशीन धड सुरू होत नाही. ज्या अर्थी बेसिक (यातली प्रोग्रामिंगची भाषा) माझं ऐकतंय त्या अर्थी तिन्ही आहेत, मेमरी आहे, रॉम आहे, झेड८० प्रोसेसर आहे. म्हणजे बिघाड फक्त चित्राच्या वाटेवर. आमच्या इथल्या एका रिपेअरवाल्याने मात्र फोटो बघूनच 'मेन आयसी गेला, मिळत नाही, टाकून द्या' असं सांगितलं होतं.

पुढची अडचण टीव्हीचीच. हे आताचे एलईडी टीव्ही फार शहाणे, सिग्नल जरा कमी पडला की स्वतःच निळा पडदा टाकून मोकळे, खाली काय चाललंय ते आपल्याला दाखवतच नाहीत. म्हणून खालच्या काकूंकडून त्यांचा जुना १४ इंची डब्बा टीव्ही वर आणला (काकू म्हणाल्या परत नाही आणलास तरी चालेल). स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर, म्हणजे चित्र टीव्हीच्या लहरींवर बसवणारा भाग, ते यूएचएफ ३६ नंबरच्या चॅनलवर पाठवतो, साधारण ५९१ मेगाहर्ट्झ, तिथे हळूहळू ट्यूनिंग करत नेलं तर मुंग्या मुंग्या मुंग्या आणि एकदम शांत काळा पडदा! स्पेक्ट्रमची वायर काढली की परत मुंग्या. म्हणजे मॉड्युलेटर जिवंत आहे, त्याला ५ व्होल्ट मिळतायत, तो लहरी सोडतोय, पण त्या लहरींवर बसवायला चित्रच त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. टपालवाला येतोय पण पिशवी रिकामी. एलईडी टीव्हीने हे मला जन्मात सांगितलं नसतं.

आता उघडला. खालचे पाच स्क्रू, वरचं झाकण उचलताना सावकाश कारण कीबोर्डच्या दोन रिबन त्यालाच लटकलेल्या असतात. रिबन परत खोचल्या, झाकण बाजूला आडवं ठेवलं. एकदा वाटलं मीटरने व्होल्टेज मोजून घ्यावं, मग नको म्हटलं, कारण ४११६ वर १२ व्होल्टची पिन ८ आणि ५ व्होल्टची पिन ९ एकाच टोकाला समोरासमोर असतात, प्रोब घसरला की चालू मशीन बंद पाडायचं पुण्य लागतं. बीपने सांगितलंय ना, झालं मग.

वरच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्याची डबी असते तो मॉड्युलेटर. बोर्डावरून त्याच्यात दोन वायरी जातात, एक पॉवरची, एक व्हिडिओची. मशीन चालू केलं, न दिसताच बी, २, एंटर दाबलं, म्हणजे चित्राभोवतीची बॉर्डर लाल करायची कमांड. टिक टिक टिक ऐकू आलं, पडदा काळाच. मग उदबत्तीची काडी घेतली, लाकडी, धातूचं काही नको, आणि व्हिडिओच्या वायरीचा बोर्डावरचा जोड हलकेच दाबला.

पडद्यावर लाल चौकट चमकली आणि गेली. परत दाबलं, परत आली. मी एकटाच 'ए ए ए' करत होतो.

भिंगातून बघितलं तर टाक्याभोवती केसाएवढी गोल चीर, सोल्डर कसं चमकदार पाहिजे तर ते राखेसारखं फिकट. हा टाका कंपनीचा नव्हताच, सोल्डरिंगचा पिवळट फ्लक्स तसाच चिकटलेला, कोणीतरी नंतर घातलेला. मामाला फोटो पाठवला. बराच वेळ निळ्या दोन टिका नुसत्याच. मग मेसेज आला, "९१ साली मीच घातला होता तो. इस्त्रीवर स्क्रू ड्रायव्हर तापवून."

जुनं सोल्डर ओढून काढलं, नवा टाका घातला, दोन मिनिटांचं काम. चालू केल्यावर आधी काळा पडदा, मग पांढरा, आणि तळाला सिंक्लेअर रिसर्च, १९८२. लाल बॉर्डर परत एकदा टाइप केली, उगाचच. काकूंचा टीव्ही अजून माझ्याकडेच आहे.