फितीवरचे पान

सकाळी पावणेसातला नायब तहसीलदारांचा फोन आला. "तुमचे ते वीरचक्रवाले माजी सभापती पहाटे गेले. दुपारी एकला अंत्यविधी आहे. मानवंदनेचा प्रस्ताव वर पाठवायचाय, वीरचक्राचं वर्ष तेवढं सांगा." मी म्हणालो, "साहेब, त्यांना वीरचक्र नव्हतं." पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "अहो, असं कसं? गावात बॅनर लागलेत."

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मी कल्याण संघटक आहे आणि त्याआधी फौजेत हवालदार क्लर्क होतो. बाहेरच्या माणसाला आमचे कार्यालय म्हणजे स्वस्त दारूचे कॅन्टीन वाटते. प्रत्यक्षात आमचा निम्मा दिवस एकाच बाईच्या तीन नावांचा मेळ घालण्यात जातो: फौजेच्या रेकॉर्डला लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी आणि सातबाऱ्यावर भलतीच. उरलेला वेळ ध्वजदिनाच्या निधीत, पाल्यांच्या शिष्यवृत्तीत आणि "माझं पेन्शन या महिन्यात का आलं नाही" या प्रश्नाच्या उत्तरात संपतो. पदकाचा विषय वर्षातून दोन-चार वेळा निघतो आणि निघाला की बहुतेक वेळा चुकीचाच निघतो.

या माणसाच्या बाबतीत मला कार्ड काढून पाहण्याचीही गरज नव्हती, तरी साडेसातला कार्यालय उघडून ते काढले. आमचा नवा मुलगा सगळे संगणकावर शोधतो, आणि संगणकावर पदकाच्या रकान्यात कोणी तरी 'होय' एवढेच भरून ठेवले आहे. जुने पुठ्ठ्याचे कार्ड मात्र नीट बोलते. भरती १९६३, म्हणजे चीनच्या युद्धानंतर फौज वाढवली गेली त्या काळातली, प्रशिक्षण बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला फौजेत 'जंगी पलटण' म्हणतात, निवृत्ती १९८५, हुद्दा नायब सुभेदार, चारित्र्य 'एग्झेम्प्लरी'. गावाने त्यांना केव्हाच सुभेदार करून टाकले होते, कारण 'नायब' हा शब्द गावाला कधी परवडला नाही. पदकांच्या ओळीत 'पूर्वी स्टार' (१९७१ च्या पूर्व आघाडीचे पदक), संग्राम मेडल, रक्षा मेडल, सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल, नऊ वर्षांचे, वीस वर्षांचे आणि शेवटी वेगळ्या शाईत एक नोंद होती: 'मेन्शन इन डिस्पॅचेस, १९७१'.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात भलेभले चुकतात. छातीवर आठ पदके दिसली की लोकांना आठ पराक्रम दिसतात. वास्तविक त्यांतली बहुतेक 'तेव्हा तू तिथे होतास' किंवा 'इतकी वर्षे नीट नोकरी केलीस' एवढेच सांगतात. युद्धातल्या पराक्रमाची उतरंड परमवीर चक्रापासून सुरू होते, मग महावीर चक्र, वीर चक्र, त्याखाली सेना मेडल आणि सर्वांत शेवटी मेन्शन. वीर चक्र चांदीचे असते, त्याची फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी असते आणि कडेवर नाव कोरलेले असते. मेन्शनला स्वतंत्र पदकच नाही. सेनापतीच्या अहवालात तुमचे नाव येते, राजपत्रातल्या यादीत छापले जाते आणि त्या युद्धाचे जे पदक सगळ्यांनाच मिळते, त्याच्या फितीवर तुम्ही कमळाच्या पानाच्या आकाराचे नखाएवढे कांस्यचिन्ह लावायचे. बस्स. वीर चक्र असते तर केंद्राचा दरमहा भत्ता पेन्शनच्या आदेशात वेगळा दिसला असता. मेन्शनला तो भत्ता नाही. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या त्या आदेशावर, तशी ओळ नव्हती. बॅनर काहीही म्हणो, पीपीओ खोटे बोलत नाही.

'शेवटचे' म्हणून ते मेन्शन हलके होते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ९५ माउंटन ब्रिगेड उत्तरेकडून ढाक्याच्या दिशेने उतरत होती आणि वाटेत जमालपूरला ३१ बलूच ही पाकिस्तानी पलटण पाय रोवून बसली होती. मराठे ब्रह्मपुत्रेचे पात्र ओलांडून जमालपूरच्या मागे गेले आणि टांगाइलच्या रस्त्यावर वाट अडवून बसले. शरण या, असे पत्र आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती शत्रूच्या कमांडरकडे पाठवले. उत्तर आले ते कागदात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीसह, लेखणी ठेवा आणि स्टेनगन घेऊन भेटा, अशा मतलबाचे. १० तारखेच्या रात्री बलूचांनी त्या अडवलेल्या रस्त्यावरून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. तो मराठ्यांच्या मोर्चेबंदीवर फुटला. ११ ला जमालपूर पडले आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली. त्या रात्री आमचे हे साहेब, म्हणजे पुढे सभापती झालेले, नाईक या हुद्द्यावर होते. मी एकदा खोदून विचारल्यावर त्यांनी एवढेच सांगितले होते, "भात कापून झालं होतं. धसकटं पायाला लागायची. तीनदा दारूगोळा घेऊन गेलो, चौथ्यांदा लागलाच नाही."

ते राजकारणात आले ते पदकामुळे नव्हे, भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. त्यांचे गाव तिथून वीसेक किलोमीटरवर असल्याने वाचले. गावातली चाळीस पोरे, दोन ट्रॅक्टर, टिकाव आणि फावडी घेऊन ते उजाडता उजाडता तिकडे पोचले. आमच्याकडची माळवदे म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडावर हातभर मातीचा थर. ते सगळे झोपेतल्या माणसांवर आले होते. बघ्यांची आणि ओरडणाऱ्यांची गर्दी एवढी की ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू येईना. साहेबांनी शिट्टी काढली. एक लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभे राहायचे आणि कान द्यायचे, दोन आखूड वाजल्या की पुन्हा खणायचे. त्या पोरांपैकी एक जण आज आमच्या तालुक्यात शिक्षक आहे. तो अजून सांगतो की त्या लांब शिट्टीनंतरची शांतता त्याला आजही झोपेतून उठवते.

पुढचे ओळीने झाले. आधी सरपंच, मग १९९७ ला पंचायत समिती, मग सभापती. सभापती म्हणून त्यांनी समितीची पलटण करायचा प्रयत्न केला. दहाला दाराशी उभे राहून हजेरी घेत, विहिरीच्या कामाचे मोजमाप स्वतः टेप धरून करीत आणि ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवीत. असा माणूस पक्षाला व्यासपीठावर हवा असतो, दालनात नको असतो. त्यामुळे २००२ नंतर त्यांना पुन्हा तिकीट मिळाले नाही. सभेत पहिल्या रांगेतली खुर्ची मात्र शेवटपर्यंत राहिली. दर निवडणुकीला कोणी तरी उमेदवार त्यांना कोट घालून, पदके लावून शेजारी बसवायचा.

वीर चक्र मिळाले ते याच खुर्चीत. एका प्रचारसभेत निवेदकाने भरात येऊन "वीरचक्र विजेते आबा" अशी ओळख करून दिली. साहेब उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "चक्र नाही, मेन्शन आहे." मेन्शन म्हणजे काय हे त्या मैदानात कोणालाच ठाऊक नव्हते. लोकांना वाटले, एवढा मोठा माणूस आणि किती हा विनय, आणि अशा टाळ्या पडल्या की निवेदकाने तीच ओळख पुन्हा एकदा केली. पुढच्या सभेपासून ती पक्की झाली. आपल्याकडे नकार दिला की तो थोरपणा ठरतो. खरे बोलायला जागाच राहत नाही.

अकरा वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. पांढरे धोतर, फौजेतला जुना पट्टा आणि हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज. नोकरी सुटून इतकी वर्षे झाली तरी ते मला "हवालदार" म्हणत आणि मी त्यांना "साहेब". अर्ज साधा होता: माझ्या नावापुढे वीरचक्र लावले जात आहे, ते चुकीचे आहे, कार्यालयाने वर्तमानपत्रांना आणि तहसीलला तसे लेखी कळवावे. ते म्हणाले, "हवालदार, लोकं काय म्हणायलेत ते माझ्यानं थांबत नाही. तुमच्या शिक्क्यानं थांबंल."

मी त्यांना काय सांगितले ते मला शब्दशः आठवते. "साहेब, राहू द्या हो. लोक प्रेमानं म्हणतात. आपण लिहून दिलं तर उलट बातमी होईल, आबांचं पदक खोटं म्हणून. तुमचीच बदनामी." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत बसले, मग म्हणाले, "बरं," आणि उठले. मी अर्जावर आवक क्रमांक टाकला, 'नोंद घेतली, दप्तरी दाखल' असा शेरा मारला आणि फाइल कपाटात ठेवली. अधिकाऱ्यांपुढे ठेवलीही नाही. मी सांगितलेले कारण खोटे नव्हते, पण त्या आठवड्यात ध्वजदिनाचा हिशेब द्यायचा होता आणि वर्तमानपत्रांना पत्रे लिहिण्याचा मला कंटाळा आला होता, हेही तितकेच खरे.

नायब तहसीलदारांना मी आठ वाजता लेखी कळवले: पराक्रमाचा उल्लेख, मेन्शन इन डिस्पॅचेस, १९७१, वीर चक्र नाही. त्यांनी विचारले, "मग द्यायची की नाही द्यायची मानवंदना?" मी म्हणालो, तो निर्णय आमचा नाही. दहाच्या सुमारास वरून होकार आला. तो माझ्या पत्रामुळे आला की कुणा लोकप्रतिनिधीच्या फोनमुळे, हे मला आजवर कळलेले नाही.

अकराला कार्यालयातर्फे पुष्पचक्र घेऊन मी गावात पोचलो. घरच्यांनी पदके एका मखमली उशीवर लावून ठेवली होती, चकाकीनुसार: जे जास्त पिवळे ते आधी. हे मला बघवत नाही. पदकांना ठरलेला क्रम असतो. मी मुलाकडून डबी मागवली आणि ओसरीवर बसून सगळी पदके काढून पुन्हा ओळीने लावली. संग्राम मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. अंगठा फिरवला की अक्षरे लागतात. पूर्वी स्टारची फीत उलटसुलट पाहिली तर पान नव्हते. फितीवर दोन बारीक भोके मात्र होती. डबी उपडी केली तेव्हा कापसाच्या बोळ्यातून ते खाली पडले. नातू म्हणाला, "ते किचेनचं तुटलेलं आहे, आजोबा फेकू देत नव्हते."

मागचा एक काटा मोडला होता. मी काकूंकडे सुईदोरा मागितला. त्यांनी रडत रडतच डोळे बारीक करून माझ्याआधी सुईत दोरा ओवून दिला. "ह्याच्यासाठी एकदा सोनाराकडं गेले होते," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, ह्यात काही माल नाही, आबा." दोन टाके घालून मी पान फितीवर बसवले.

एक वाजता पोलिसांनी हवेत तीन फैरी झाडल्या. लाउडस्पीकरवरून "वीरचक्र विजेते" निदान पंधरा वेळा आले. उशी पायथ्याशी होती, हारांनी अर्धी झाकलेली. पुष्पचक्र ठेवताना मी एक हार बाजूला सारला; मागून कोणी तरी तो पुन्हा नीट केला.

तेराव्यानंतर मुलगा कार्यालयात आला. ग्रामपंचायतीने वेशीवर कमान उभारण्याचा ठराव केला होता, नाव 'वीरचक्र' शब्दाने सुरू होत होते आणि आमचे पत्र जोडायचे होते. मी कपाटातून तो अकरा वर्षांपूर्वीचा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. मग खालचा शेरा वाचला, सही ओळखली आणि माझ्याकडे पाहिले. "काका, हे तवाच का नाही पाठवलं?" मी उत्तर दिले नाही. तो म्हणाला, "ठरावावर सगळ्या गावाच्या सह्या आहेत. आता मी जाऊन काय सांगू, माझा बाप कमी होता म्हणून?" मी म्हणालो, कमी नव्हता, मेन्शनच होतं. पण बोलताना माझ्याच लक्षात आले की हे वाक्य गावात कसे ऐकू जाईल. तो अर्जाची झेरॉक्स घेऊन गेला.

मी बेळगावला रेकॉर्ड ऑफिसकडे मेन्शनच्या नोंदीची साक्षांकित प्रत मागितली आहे, आणि परवा पहिले स्मरणपत्रही पाठवले. गेल्या बुधवारी दौऱ्यावर जाताना गाडी मुद्दाम त्या रस्त्याने नेली. कमानीचे दोन्ही खांब उभे राहिले आहेत, वरची पट्टी ओतून झाली आहे आणि तिच्यावर ओले पोते टाकलेले आहे. अक्षरे अजून काढलेली नाहीत.