पाय नेमके कुठून निघतात?

लोकरीचा पहिला ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, मी विणला तेव्हा त्याला सहा पाय होते, पाठीवर सात ठिपके होते, तरीही तो ढालकिडा वाटत नव्हता. एखाद्या कासवाला लाल झूल पांघरावी तसे ते ध्यान दिसत होते. चूक सापडेना म्हणून मी कुंडीतल्या रोपाचे शेंडे धुंडाळले. मावा, म्हणजे रोपाचा रस शोषणारी बारीक कीड, हे या किड्याचे आवडते खाद्य असल्यामुळे मावा पडलेल्या कोवळ्या शेंड्यावर तो बहुधा भेटतोच. त्याला काचेच्या बरणीत सोडले आणि तो काचेवर चढू लागल्यावर भिंगातून त्याच्या पोटाकडे पाहिले.

सहाही पाय छातीतून निघाले होते, पोटाला एकही नव्हता. मी मात्र ते पलंगाच्या खुरांसारखे अंगभर सारख्या अंतरावर शिवले होते. ही चूक होण्याचे कारणही तेव्हाच लक्षात आले: ढालकिडा हा भुंगेराच, आणि भुंगेऱ्याच्या छातीचे तीन भाग असतात, त्यांपैकी वरून फक्त पहिला दिसतो आणि उरलेले दोन टणक पंखांखाली झाकलेले राहतात, त्यामुळे मागचे पाय पोटातूनच फुटले आहेत असे वरून पाहणाऱ्याला वाटते.

चेहऱ्याची गंमत तर त्याहून मोठी आहे. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या पुढच्या काळ्या भागावर दोन्ही कोपऱ्यांत पांढरे डाग असतात आणि आपण ते डोळे समजून तिथे खुशाल हसरे तोंड काढतो. खरे तर ती छातीवरची ढाल असते आणि खरे डोके तिच्या पुढे, निम्मेअधिक दडलेले, अगदी चिमुकले असते. ठिपक्यांचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक पंखावर तीन, आणि सातवा दोन्ही पंख मिळतात तिथे पुढच्या बाजूला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. त्यामुळे पाठ एकसंध न विणता दोन तुकड्यांत विणली, तर सातवा ठिपका दोन अर्धुकांत भरून मग जुळवावा लागतो. तो एका टाक्याने जरी सरकला तरी डोळ्याला खुपतो.

पाय योग्य जागी आले तरी किडा जिवंत वाटेलच असे नाही, हे मला ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या चित्राने शिकवले. त्याने १५०५ साली जलरंगात काढलेला शिंगांचा भुंगेरा मान उचलून चालू लागल्यासारखा दिसतो, आणि त्यातली निम्मी किमया त्याच्या अंगाखाली पडलेल्या सावलीची आहे. सावली पडायची तर अंग जमिनीपासून वर उचललेले हवे. म्हणून मी लोकरीचे लोंबते पाय काढून टाकले, बारीक तारेवर काळा दोरा गुंडाळला आणि प्रत्येक पायाला दोन ठिकाणी बाक दिला; त्यानंतर प्रथमच तो किडा टेबलावर ठेवल्यासारखा न दिसता टेबलावर येऊन बसल्यासारखा दिसला.

असल्या चुका थोरांनाही चुकलेल्या नाहीत, हा माझा एक दिलासा. डच चित्रकार रेम्ब्राँने १६५० साली कोरलेल्या शंखाच्या चित्रात शंखाचे वेटोळे उलट्या दिशेने फिरते, कारण पत्र्यावर कोरलेले चित्र छापताना आरशातल्यासारखे उलटते. सही मात्र त्याने उलटी कोरून छापात सुलटी आणली! ते पाहिल्यापासून मी गोगलगाय विणताना पट्टी गुंडाळण्याआधी एकदा थांबते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले की बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते. कोळ्याबद्दल एवढेच सांगते की त्याला मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, नसतात. विकतच्या एका नमुना-पुस्तिकेत त्या बसवलेल्या होत्या आणि आठही पाय मागच्या गोळ्याला जोडलेले होते. हसरे तोंड मी चालवून घेते, पण हे चालवून घेता येत नाही.

सध्या माझे घोडे पंखांवर अडले आहे. लाल कवचाखालचे, म्हणजे वरच्या टणक पंखांखालचे, पातळ पंख कवचापेक्षा बरेच लांब असतात, ते घडी घालूनच आत मावतात, आणि ही घडी कवच मिटल्यावर पडत असल्यामुळे ती कशी पडते हे बाहेरून दिसत नाही. जपानी संशोधकांनी २०१७ साली त्यावर जी युक्ती प्रसिद्ध केली ती अस्सल कारागिराला शोभणारी आहे: नखांच्या सजावटीसाठी वापरतात तसल्या, अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेचे कवच घडवून त्यांनी ते जिवंत ढालकिड्याच्या पाठीवर बसवले आणि आतली घडी पाहिली. किडा पोट वरखाली हलवून पंख आत ओढतो आणि कवचाची कड व आतला बाक यांच्या आधाराने ते ठरलेल्या रेषांवर दुमडतात. मी ट्रेसिंग पेपरचे पंख कापून तसाच प्रयत्न चालवला आहे. पहिली आडवी घडी बसते, दुसऱ्या घडीला मात्र पंखाचे टोक अजून कवचाबाहेर डोकावते.