त्या कॉपीत पेन्सिलीनं कोणी लिहिलं

न्यू जर्सीतल्या एका गावाच्या पब्लिक लायब्ररीत मी सर्क्युलेशन डेस्कला, म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीच्या काउंटरला आहे. लोकांना वाटतं ही दिवसभर निवांत वाचत बसत असेल. कुठलं काय, अर्धा दिवस प्रिंटरशी झटापट आणि लोकांचे सरकारी फॉर्म भरून देणं यात जातो, आणि उरलेला बुकड्रॉपमध्ये, म्हणजे परत करायच्या पुस्तकांच्या पेटीत, आलेली पुस्तकं तपासण्यात. प्रत्येक पुस्तक स्कॅन करण्याआधी अंगठ्यानं सर्रकन उलगडायचं, पानं ओली आहेत का, ढेकूण आहेत का (हसू नका, तसं पुस्तक लगेच झिपलॉकमध्ये जातं), कोणाचा चेक, कोणाची सोनोग्राफी आत राहिलीये का ते बघायचं.

तर ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी असंच उलगडताना चक पॉलानिकच्या 'डायरी'ची एक कॉपी हातात आली आणि अंगठा थांबलाच. पानापानावर पेन्सिल.

पॉलानिक म्हणजे 'फाइट क्लब'वाला. ते पुस्तक 1996 चं, पिक्चर 1999 मध्ये आला आणि त्यानंतर या माणसाचे भक्तच तयार झाले. 'डायरी' 2003 ची. तिच्या प्रचाराच्या दौऱ्यात तो स्वतःची एक भयानक कथा वाचून दाखवायचा आणि ऐकणारी माणसं चक्कर येऊन पडायची, हे त्याचे भक्त अजून कौतुकानं सांगतात. आमच्या संध्याकाळच्या वाचक गटासाठी हे पुस्तक निवडलं रेफरन्सच्या, म्हणजे माहिती शोधून देणाऱ्या डेस्कच्या बाईनं. तिनं लायब्ररी सायन्समध्ये मास्टर्स केलंय, आणि ते आम्ही विसरू नये याची काळजी ती स्वतःच घेते. तिला गटात तरुण पोरं हवी होती. मग आसपासच्या लायब्रऱ्यांमधून कॉपीज मागवल्या, व्हॅनवाला प्लास्टिकच्या डब्यांतून घेऊन आला, लोकांनी नेल्या, आणि चर्चेच्या दिवशी त्यातली ही एक सकाळीच परत आली.

गोष्ट थोडक्यात सांगते, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा. मिस्टी नावाची बाई, आर्ट स्कूलला गेलेली, लग्न करून एका बेटावर येते आणि चित्रं राहतात बाजूला, हॉटेलात वेट्रेसचं काम करते. नवरा जीव द्यायच्या फसलेल्या प्रयत्नानंतर कोमात. तो घरांची दुरुस्ती करायचा, आता त्या घरांचे मालक मिस्टीला फोन करून शिव्या घालतात, कारण कोणाचं स्वयंपाकघर, कोणाचं कपाट त्यानं भिंतीआड बंद करून टाकलंय आणि आतल्या भिंतींवर घाणेरड्या धमक्या लिहून ठेवल्यात. ती डायरी लिहिते ती या नवऱ्याला उद्देशून. हळूहळू कळतं की बेटावरच्या खानदानी लोकांना तिच्याकडून चित्रं हवी आहेत, आणि चित्रं चांगली यावीत म्हणून तिला त्रास होणं गरजेचं आहे, म्हणून तो त्रास ते व्यवस्थित पुरवतात. पाय प्लास्टरमध्ये, खोलीत कोंडलेली, डोळे बांधलेले, आणि बाई रंगवतेय.

आता पेन्सिलीचं. तीन वेगळी अक्षरं होती. पहिलं बारीक, खटक्याच्या पेन्सिलीचं, दाबून लिहिलेलं, आणि ही व्यक्ती वैतागलेली. पॉलानिक एकच वाक्यप्रयोग पुन्हा पुन्हा आणतो, तिथे प्रत्येक वेळी समासात 'परत तेच', 'कळलं रे बाबा', 'किती वेळा'. दुसरं गोल गोल अक्षर, याला सगळंच आवडलेलं, चांदण्या काढलेल्या, चेहऱ्याच्या स्नायूंची नावं घेऊन तो भाव सांगतो तिथे 'कमाल'. मधेमधे या दोघांचं भांडणसुद्धा. एकानं 'स्वस्तातली भीती' लिहिलंय तर खाली गोल अक्षरात 'मग फाइट क्लब तरी कसं झेपलं?' मी डेस्कमागे उभ्या उभ्या हसत होते. आमच्या गावच्या वाचनालयात कादंबरीच्या समासात 'भिकार' लिहिलेलं असायचं आणि पुढच्यानं त्यावर 'तुझं तोंड', त्याची आठवण झाली.

तिसरं अक्षर मात्र पुस्तकाच्या उत्तरार्धात सुरू होतं. मऊ पेन्सिल, फिकट, डावीकडे कललेलं. पायाला प्लास्टर घालतात तिथपासून. आधी नुसतं 'हो'. मग 'असंच'. आणि मग एका पानाच्या तळाशी (इंग्रजीत होतं, मी माझ्या शब्दांत सांगते), मलाही बाहेर येऊ देत नव्हते, चित्रं मात्र फार सुंदर झाली असं सगळे म्हणतात. त्याखाली बारीक अक्षरवाल्यानं, ज्यानं तोवर पुस्तकाची नुसती टर उडवली होती, लिहिलं होतं, मग इथेच थांब, शेवट वाचू नकोस. त्यानंतर फिकट अक्षर पुस्तकात कुठेच नाही.

रेफरन्सच्या बाईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, फॅन असणार कोणीतरी. पुस्तकातच आहे ना हे!" आणि ते खरंय, हाच घोळ आहे. कादंबरीत मिस्टीला बेटाच्या लायब्ररीतल्या पुस्तकांत आधीच्या, मेलेल्या चित्रकर्तीनं पेन्सिलीनं लिहिलेले निरोप सापडतात. म्हणजे कोणीतरी मुद्दाम तोच खेळ आमच्या कॉपीत खेळलेलं असू शकतं, या लेखकाचे वाचक असली नाटकं करतातच. आणि कोणीतरी खरंच लिहिलेलं असू शकतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

मग संध्याकाळी चर्चेच्या वेळी मी खुर्च्या लावायच्या निमित्तानं थांबले आणि कान देऊन बसले. एक रिटायर्ड कलाशिक्षिका येतात, त्या तर पुस्तक टेबलावर आपटूनच बोलायला लागल्या. दुःखाशिवाय कला होत नाही ही बाष्कळ समजूत त्यांनी आयुष्यभर मुलांच्या डोक्यातून काढली आणि हा माणूस त्याच्यावर आख्खी कादंबरी लिहितो! टॅटूवाला एक मुलगा शांतपणे म्हणाला, पण तो त्या समजुतीची टिंगलच करतोय ना, त्रास देणारे सगळे व्हिलन आहेत. त्यावर कलाशिक्षिका म्हणाल्या, व्हिलन आहेत पण चित्रं तर खरंच महान होतात, मग टिंगल कुठे राहिली? मला हा मुद्दा बिनतोड वाटला, अजूनही वाटतो. आयसीयूत काम करणारी एक नर्स म्हणाली, कोमातल्या माणसाचं शरीर कसं आखडत जातं, हात कसे आत वळतात, ते त्यानं बरोबर लिहिलंय, आणि त्याहून बरोबर म्हणजे बायकोचा राग, नातेवाइकांना पेशंटचा राग येतो हे कोणी लिहीत नाही. एका काकांनी 'तू, तू' करून अंगावर येणारं पुस्तक पन्नासाव्या पानाला मिटलं होतं. ते फक्त कॉफीसाठी आले होते, स्पष्ट सांगितलं त्यांनी.

मी प्रत्येकाला मनातल्या मनात एकेक पेन्सिल देऊन बघत होते. कादंबरीत अक्षरावरून माणूस ओळखणारा एक जण आहे, तसलं काही मी मानत नाही, तरी साइन-इन शीटवरची अक्षरं चोरून बघितलीच. एकही जुळलं नाही.

आता तुम्ही विचाराल की सिस्टीममध्ये नाव बघायचं ना. नाही बघता येत. पुस्तक परत आलं की कोणी नेलं होतं तो दुवा आमच्याकडे पुसला जातो, दंड बाकी असेल तरच राहतो. 2001 मध्ये पेट्रियट ॲक्ट हा दहशतवादविरोधी कायदा आला तेव्हापासून इथल्या बऱ्याच लायब्रऱ्यांनी मुद्दाम असं करून ठेवलंय, की कोण काय वाचतं हे सरकारनं विचारलं तरी द्यायला काही नसावं. न्यू जर्सीत तर वाचकांचं रेकॉर्ड गोपनीय असतं असा कायदाच आहे. एरवी हे मी नवीन आलेल्या इंटर्नला छाती फुगवून सांगते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की एक नाव, एकच, राहिलं असतं तर. आणि राहिलं असतं तरी मी काय करणार होते? फोन करून विचारणार, की तुम्हाला कोणी कोंडलं होतं का?

दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, सगळं खोडून कॉपी मूळ लायब्ररीला पाठवा. खोडणं मला येतं आणि चांगलं येतं, सांगते. गुलाबी रबर कधीच वापरायचं नाही, डाग पडतो. पांढरा व्हिनाइल खोडरबर, आणि शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेनं, दुसऱ्या हातानं पान दाबून धरून, नाहीतर पान चुरगळतं. भुगा मऊ ब्रशनं झटकायचा, तो शिवणीत गेला तर तिथेच बसतो. खटक्याच्या पेन्सिलीची खाच राहतेच, तिरक्या उजेडात वाचता येते. मऊ पेन्सिल उलट, पटकन निघते पण आधी पसरते. लंच टाइम धरून दुपार गेली. गोल आणि बारीक, दोन्ही अक्षरं साफ केली, भांडणासकट.

फिकट अक्षराचं ते एक पान मी ठेवलं. खालचं उत्तरही ठेवलं. त्यात 988 चं कार्ड घातलं, मानसिक त्रासात असलेल्यांसाठी 2022 पासून देशभर हा फोन नंबर आहे, आमच्या डेस्कवर त्या कार्डांचा गठ्ठाच असतो. वर चिठ्ठी लावली, एका पानावर पेन्सिल आहे, तुमची कॉपी आहे, तुम्ही ठरवा. लिहिणारी व्यक्ती तीच कॉपी परत नेईल याची शक्यता जवळजवळ नाहीच, हे मलाही कळतं. रेफरन्सच्या बाईनं चिठ्ठी वाचून भुवया उंचावल्या, पण डबा उघडून काढली नाही, एवढं श्रेय तिला देते.

परवा सहज कॅटलॉग उघडून बघितलं. बरेच दिवस 'इन ट्रान्झिट' दिसत होतं, आता त्या कॉपीपुढे 'मिसिंग' आलंय. व्हॅनच्या फेऱ्यांमध्ये पुस्तकं हरवतात, त्यात नवल नाही. बाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, फॅननंच ढापली." असेलही. मी त्या लायब्ररीला ईमेल टाकलाय की शेल्फवर एकदा नीट बघा म्हणून, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.