वडील प्यायचे, मग मुलगा?

"स्थळ चांगलं आहे हो मॅडम. मुलगा इंजिनियर, मकरपुऱ्यात नोकरी, वाघोडिया रोडला स्वतःचा फ्लॅट. फक्त वडील प्यायचे. हे रक्तात येतं का?"

बडोद्यातल्या मराठी घरांमधून हा प्रश्न मला वर्षानुवर्षं येतो आहे. दांडिया बाजारातले वाडे सोडून लोक कारेलीबागेत, मांजलपुरात जाऊन राहिले, तरी कोणाचे वडील कशाने गेले हे चौकशीत निघतंच. बहुतेकदा सांगताना "कावीळ झाली होती" असं सांगतात. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवत होते, त्यामुळे पत्रिका जोशीबुवांकडे आणि रक्त माझ्याकडे अशी वाटणी आपोआप झाली. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर माझ्यापाशी नाही. म्हणून लिहून काढते.

रक्तात येतं, पण जे येतं ते व्यसन नव्हे. मुलीची आई नेमकी चुकीची गोष्ट शोधत असते आणि शोधायची ती गोष्ट तिला गुण वाटते, असं माझं मत होत गेलं आहे.

आधी आकडा सांगते, कारण तो अर्धवट ऐकून लोक घाबरतात. जुळ्या भावंडांवर आणि दत्तक गेलेल्या मुलांवर जगभर बरेच अभ्यास झाले. २०१५ साली ते एकत्र करून पाहिले, तेव्हा दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघाला. "म्हणजे पन्नास टक्के चान्स!" असं लगेच पलीकडून येतं. तसं नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा फरक जनुकांमुळे पडतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या समोर बसलेल्या त्या एका मुलाबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

त्यापेक्षा डेन्मार्कमधला अभ्यास समजायला सोपा आहे. डोनाल्ड गुडविन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो १९७३ साली छापला. त्या देशात दत्तक मुलांच्या नोंदी नीट ठेवलेल्या असतात, म्हणून डेन्मार्क. जन्मदात्या आईबापांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण मूल मात्र अगदी तान्हेपणी परक्या घरी दत्तक गेलं, अशी ५५ मुलगे-माणसं त्यांनी शोधली. तुलनेला तशीच दत्तक गेलेली, पण आईबापांना व्यसन नसलेली ७८. पहिल्या गटात १८ टक्के व्यसनी निघाले, दुसऱ्यात ५ टक्के. जवळजवळ चौपट. बापाला पिताना कधी पाहिलेलं नाही, घरात बाटली नाही, तरी चौपट. "घरात बघून शिकतो" एवढंच कारण असतं तर असं झालं नसतं.

मी "चौपट" म्हणते आणि समोरची बाई तिथेच थांबते. पुढचं वाक्य तिला ऐकूच जात नाही. १८ टक्के व्यसनी, म्हणजे शंभरातले ब्याऐंशी नाहीत. हे सगळे तेव्हा तिशीच्या आसपास होते, पुढे आणखी काही घसरले असतील, तेही धरा. तरीसुद्धा बहुसंख्य मुलगे सुटले. पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखा चेहरा करून उठायचं काही कारण नाही.

मग बापाकडून येतं तरी काय? याचा सगळ्यात चांगला शोध मार्क शुकिट यांनी कॅलिफोर्नियात घेतला. विशीतल्या तरुणांना प्रयोगशाळेत मोजून दारू दिली. निम्मे व्यसनी बापांचे मुलगे, निम्मे नाहीत. रक्तातली दारू दोघांत सारखीच. मग विचारलं, किती चढली आहे? उभं करून शरीर किती झोके घेतं तेही मोजलं. व्यसनी बापांच्या पुष्कळ मुलांना चढलेली फारशी कळत नव्हती आणि ती झोकेही कमी खात होती. सुमारे दहा वर्षांनी तीच माणसं पुन्हा शोधून काढली. १९९४ साली निष्कर्ष छापला: व्यसनी बापांच्या ज्या मुलांना कमी चढत होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनात गेले. त्याच बापांच्या ज्या मुलांना पटकन चढायची, त्यांच्यातले १४ टक्के.

यात गूढ काही नाही. पोराला दोन पेगांत गरगरलं, ओकारी आली, तर तो थांबतो. ज्याला काही होत नाही तो चौथ्या-पाचव्यापर्यंत जातो, तितकंच पिणाऱ्यांच्या टोळक्यात रमतो, आणि मेंदू त्या मात्रेला सरावतो. दमणला मित्रांची गाडी जाते, तेव्हा परत येताना स्टिअरिंग कोणाच्या हातात देतात? "याला कितीही द्या, चढत नाही" त्याच्या. घरी येऊन बाकीचे त्याचं कौतुक करतात. मुलाकडचे लोकही हे मला समजावणीच्या सुरात सांगतात: "घेतो कधीमधी, पण मॅडम, त्याला चढत नाही." वडील पिणारे आणि मुलाला चढत नाही, हे दोन्ही एका घरात ऐकलं की माझे कान टवकारतात.

दुसरी एक गोष्ट त्याहून आधी दिसते. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री बेगलायटर यांनी व्यसनी बापांच्या सात ते तेरा वर्षांच्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. या मुलांनी दारूला हातही लावलेला नव्हता. काही वेगळं दिसलं-ऐकलं की मेंदूत एक ठरावीक लहर उठते, पी-३०० म्हणतात तिला, ती या मुलांमध्ये बुटकी होती. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनाही व्यसनींच्या जवळच्या नात्यातल्या पुरुषांत हेच दिसलं. या बुटक्या लहरीचा संबंध स्वतःला आवरण्याच्या क्षमतेशी जोडतात. अशी मुलं पुष्कळदा चुळबुळी, उतावळी असतात. पण म्हणून प्रत्येक चुळबुळ्या पोराकडे संशयाने बघू नका. आमच्या सोसायटीत मग एकही मुलगा सुटायचा नाही.

उलट्या बाजूची जनुकंही आहेत. यकृतात एक एन्झाइम दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग दुसरं एक एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं. जपान, चीन, कोरियात पुष्कळांच्या अंगात हे दुसरं एन्झाइम नीट चालत नाही, ॲसिटाल्डिहाइड साठून राहतं. घोटभर घेतली की चेहरा लाल, छातीत धडधड, मळमळ. अशा लोकांत व्यसनी फार कमी सापडतात. आपल्याकडे ही देणगी विरळच.

कोपनहेगनमध्ये १९४०च्या दशकात याकोबसेन आणि हाल्ड यांच्या हाती हीच अवस्था औषधाने आणायची युक्ती लागली. ते जंतांवर औषध शोधत होते, गोळी स्वतः घेऊन पाहिली आणि नंतर दारू घेतल्यावर बेजार झाले. तेच डायसल्फिरॅम, दारू सोडवायला देतात ती गोळी. हे सांगायचं कारण, लग्नाआधीच्या प्रश्नाखालोखाल मला लग्नानंतरचा हा प्रश्न येतो, तोही हळू आवाजात: "ती गोळी मिळते ना, ह्यांच्या भाजीत घातली तर?" नका घालू. नकळत गोळी पोटात आणि वर दारू, यात रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. ती गोळी माणसाने समजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची आहे. तसंच खोलीला कुलूप लावून "चार दिवसांत सुटेल" म्हणणं. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दडपणाला पुरून उरण्यासाठी सतत ताणलेला असतो. दारू एकदम काढली की तो ताण मोकाट सुटतो: थरथर, फिट, दोन-तीन दिवसांनी भास. त्यात माणसं मरतात. दवाखान्यात हेच चार-सहा दिवस औषधांनी सुखरूप निघतात.

आता तुम्ही म्हणाल, आपण गुजरातेत राहतो, इथे दारूबंदी. राज्य १९६० साली झालं तेव्हापासून आहे, आणि कायदा त्याआधीचा, १९४९चा मुंबई राज्याचा. मी दारूबंदीला हसणाऱ्यांतली नाही. मिळायला अवघड आणि महाग असली की पिणं कमी होतं, हे जगभर दिसलं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेत पिणारे पुरुष ५.८ टक्के निघाले, देशात १८.८. अर्थात, दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईला "हो, पितो" असं बडोद्यात किती जण सांगतील, हा हिशेब तुमचा तुम्ही करा. परमिटवाले सोडले तर पिणं हाच गुन्हा आहे.

या गुन्ह्याची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते. एक लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूच्या बळींत. १९८९ साली आपल्याच बडोद्यात शंभरावर माणसं गेली. अशा दारूतल्या मिथेनॉलवर यकृतातलं तेच पहिलं एन्झाइम काम करतं, पण त्यातून शेवटी फॉर्मिक ॲसिड होतं, ते आधी डोळे घेतं आणि मग जीव. दुसरी किंमत रोजची आहे आणि ती पेपरात येत नाही. घरचे डॉक्टरकडे जातच नाहीत. बातमी फुटेल, पोलीस, सोसायटी, मुलीचं लग्न. देशभराच्या २०१९च्या सरकारी अहवालात म्हटलं आहे की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळतात. दारू उघड विकणाऱ्या राज्यांसकटची ही गोष्ट. जिथे बाटलीच लपवायची, तिथे आजार कोण दाखवणार? म्हणून आमच्याकडे "वडील प्यायचे" हे वाक्य नेहमी भूतकाळात येतं. ते जिवंत असताना कोणी उच्चारत नाही.

मुलाबद्दल काय बघायचं, हे विचारत असाल तर बापापेक्षा मुलालाच विचारा. पहिला घोट कोणत्या वयात घेतला? अमेरिकेत १९९७ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक पुढे व्यसनात गेले. विशीत सुरू केलेल्यांपैकी १० टक्के. यातला काही भाग उतावळेपणाचाच असणार, जो लवकर पितो तो तसाही धोक्यातला असतो, तरी फरक मोठा आहे. मित्र कोण? आणि स्वतःच्या बापाच्या पिण्याबद्दल तो बोलतो का? जो मुलगा सरळ सांगतो, "बाबांना होतं, म्हणून मी लांब राहतो," त्याच्याबद्दल मला काळजी कमी वाटते. ज्या घरात हा विषय निघाला की चहा येतो, तिथे जास्त.

"लग्न झालं की सुटेल" हे मात्र मुलाच्या आईने मला सांगू नये. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवरून केनेथ केंडलर यांनी २०१६ साली दाखवलं की लग्नानंतर व्यसन नव्याने सुरू होण्याचा धोका बराच कमी होतो, आणि घराण्यात व्यसन असलेल्यांना हा फायदा उलट जास्त मिळतो. पण ही गोष्ट अजून व्यसनात न पडलेल्यांची आहे. जो पडला आहे त्याला सोडवायची कामगिरी नव्या सुनेवर टाकता येत नाही. त्याच अभ्यासात हेही आहे की जोडीदारच व्यसनी असेल तर दुसऱ्याचा धोका वाढतो.

आणि एक. हा प्रश्न मला मुलीच्या आया विचारतात, मुलाच्या वडिलांबद्दल. मुलीचे वडील प्यायचे म्हणून मुलाच्या आईने कधी विचारलेलं नाही. जुळ्यांचे अभ्यास सांगतात की आनुवंशिकतेचा वाटा बायकांत आणि पुरुषांत जवळपास सारखाच असतो. मुली पीत नाहीत, म्हणून त्यांच्यात दिसत नाही, एवढंच. जनुकं पुढे जायची ती जातात, नातवाकडे. परवा फोन करणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "आमचेही घेतात हो, पण त्यांना चढत नाही."