नव्वद दिवसांपुढची कोठडी

उत्तर गोव्यात सरकारी अभियोक्ता असताना, २०२३ च्या पावसाळ्यात, तपास अधिकाऱ्याने माझ्यासमोर ठेवलेला एक मसुदा मी सही न करता परत केला. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून प्रकरणातले काही तपशील बदलून लिहीत आहे.

पहिल्या आरोपीकडे जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर सापडले होते. दुसरा डिचोली तालुक्यातला, मोबाईलच्या दुकानात कामाला असलेला बावीस वर्षांचा मुलगा. त्याने पहिल्याला भलत्याच माणसाच्या कागदपत्रांवर सिमकार्ड दिले, असा आरोप होता. दोघांनाही १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली होती. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या कायद्यात आलेल्या ४३-ड कलमानुसार तपास नव्वद दिवसांत संपला नाही, तर न्यायालय कोठडीची मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवू शकते. मात्र त्यासाठी तपासाची प्रगती आणि आरोपीला आत ठेवण्याची विशिष्ट कारणे सांगणारा सरकारी अभियोक्त्याचा अहवाल लागतो.

अधिकारी म्हणाले, "सर, आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस. नेहमीचाच मसुदा आहे, तेवढी सही करा."

मसुद्यात दोघांसाठी मिळून एकच परिच्छेद होता. पहिल्याच्या फोनचा न्यायवैद्यक अहवाल यायचा होता, स्फोटके कुठून आली याचा माग परराज्यात लागत होता. ही कारणे खरी होती. दुसऱ्याचे नाव फक्त शेवटच्या ओळीत, "तपास सुरू असल्याने" या शब्दांपाशी आले होते. केस डायरी पुन्हा वाचली. दुकानाचे रजिस्टर जप्त झाले होते, मालकाचा जबाब झाला होता, आणि गेल्या दीड महिन्यात त्या मुलाविषयी एकही नवी नोंद नव्हती.

मी त्यांना म्हटले, "याचा तपास झालेला दिसतो. पुरावा असेल तर दोन दिवसांत आरोपपत्र द्या. नसेल, तर याच्यासाठी मी काय कारण लिहू?"

ते म्हणाले, "तो सुटला आणि उद्या काही घडलं, तर जबाब कोण देणार, सर?"

हा प्रश्न मी उडवून लावू शकत नव्हतो. १६ ऑक्टोबर २००९ च्या रात्री, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुराचे पुतळे पाहायला लोक रस्त्यावर आलेले असताना, मडगावात स्कूटरवरच्या बॉम्बचा स्फोट झाला आणि तो नेणारे दोघे मरण पावले. मी तेव्हा नुकती वकिली सुरू केली होती आणि मडगावातच होतो. गर्दीत आणखी किती माणसे गेली असती, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्या खटल्यातले सहा आरोपी २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले, हेही मी विसरलेलो नाही. कठोर कायदा हवा, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्याखालचा प्रत्येक कागद न्यायालयात टिकणारा असावा, याचा मी आग्रह धरतो. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितले होते की, सरकारी अभियोक्ता हे पोलिसांचे कागद पुढे पाठवणारे टपाल कार्यालय नव्हे.

मी अहवाल स्वतः लिहिला. पहिल्यासाठी कारणे देऊन पंचेचाळीस दिवस मागितले. दुसऱ्यासाठी मुदतवाढ मागत नाही, असे स्पष्ट नमूद केले. अधिकारी माझ्या वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी केस डायरी मागवून वाचली आणि अहवाल तसाच जाऊ द्या, असे सांगितले.

सुनावणीला दोघांना कोलवाळच्या कारागृहातून व्हिडिओवर हजर केले. मुदतवाढीच्या अर्जाची माहिती आरोपीला समोर आणून द्यायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. पडद्यावर आवाज तुटत होता, म्हणून न्यायाधीशांनी सगळे मराठीत दोनदा समजावून सांगितले. मुलाने एकच विचारले, "म्हणजे माझं काय?"

पहिल्याची कोठडी वाढली. दुसऱ्याविरुद्ध आरोपपत्र वेळेत आले नाही, तेव्हा एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकील बाईंनी त्याचा जामीन अर्ज दिला. हा जामीन मुदत संपल्याने मिळणारा हक्क असल्याने ४३-ड मधली जामिनाची कडक अट, म्हणजे आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, ही त्याला लागू होत नव्हती. मी विरोध केला नाही. पासपोर्ट जमा करणे आणि दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी, एवढ्या अटी मागितल्या आणि त्या मान्य झाल्या.

आरोपपत्र नंतर दोघांवरही दाखल झाले. मुलगा प्रत्येक तारखेला आईबरोबर येतो आणि मागच्या बाकावर बसतो. त्याच्याविरुद्धचा खटला मीच चालवतो आहे.