फळ्याचा खालचा अर्धा भाग

गेल्या श्रावणात उजव्या खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत कळ जाऊ लागली आणि ते बोट कायमचे बधिर राहू लागले. मानेच्या कोणत्याही दुखण्याला ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या बाबतीत मात्र सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली गादी सरकून सातव्या नसेच्या मुळावर दाब आला होता. मानेचे मणके सात असले तरी नसांच्या जोड्या आठ असतात, आणि त्यांतली ही सातवीच सर्वांत जास्त वेळा दबते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शस्त्रक्रियेची घाई नाही, बहुतेकांचे हे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरते, असे डॉक्टरांनी सांगितले. पण शाळेत कधी जाता येईल, हे एमआरआयच्या फिल्मवरून कळण्यासारखे नव्हते. काहीही न दुखणाऱ्या, माझ्या वयाच्या कितीतरी माणसांच्या फिल्ममध्येही फुगलेल्या गाद्या दिसतात. काम जमणार की नाही हे त्या कामात मान, हात आणि डोके यांना काय करावे लागते, यावर अधिक ठरते.

फळ्याच्या वरच्या भागावर लिहिताना मान मागे झुकते, नस जिथून बाहेर पडते ती फट अरुंद होते आणि कळ थेट बोटात उतरते. हात उंचावण्याचा त्रास मात्र नव्हता. उलट पंजा डोक्यावर ठेवला की नसेवरचा ताण सैल पडून बरे वाटे, त्यामुळे मी शिक्षक-खोलीत तशीच बसे आणि येणारा-जाणारा ‘बाई, कसली एवढी काळजी?’ म्हणून विचारी. अखेर मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहू लागले. पेपरांचा गठ्ठा मांडीवरून उचलून उतरत्या पाटावर आला. नसेच्या दुखण्यावरच्या, रात्री घ्यायच्या प्रेगाबालिनच्या गोळीने झोप लागे, पण पहिल्या तासाला डोके जड असे. एकदा सात आठे चोपन्न लिहून मी पुढे निघाले आणि साऱ्या वर्गाने मला थांबवले. मुख्याध्यापकांनी काही न विचारता माझा पहिला तास बदलून दिला. त्या एका बदलाचा उपयोग मला गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा जास्त झाला, असे माझे मत आहे.

फिनलंडमधल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८०च्या दशकात कार्यक्षमता मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचे गुण ७ ते ४९ असतात आणि २८च्या खाली आले तर कार्यक्षमता कमी मानतात. तिच्यात आजाराइतकेच कामाच्या शारीरिक व मानसिक मागण्यांना, मनाच्या उभारीला आणि ‘दोन वर्षांनी हे काम करू शकाल का’ या प्रश्नाला स्थान आहे. ती भरताना मला माझी भीती दिसली. मान वळवली तर नस तुटेल, अशा समजुतीने मी तीन आठवडे दगडासारखी बसून होते, आणि दुखण्याइतकेच दिवस त्या समजुतीनेही खाल्ले. (शर्टाची बटणे लावता न येणे किंवा चालताना तोल जाणे ही गोष्ट मात्र वेगळी, तिथे मज्जारज्जूवर दाब असू शकतो आणि डॉक्टरांकडे लगेच जायला हवे.)

फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी एक माथाडी काका बसत. नस तीच, बधिर बोट तेच, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे दाब माझ्यापेक्षा कमी. माझी फळ्याची युक्ती ऐकून ते हसले. ‘बाई, तुम्ही अर्ध्या फळ्यावर लिहिता. मी पोतं काय अर्धंच उचलू?’ त्यांच्या टोळीची मजुरी उतरवलेल्या मालावर ठरे आणि सगळ्यांत वाटली जाई. त्यांनी कमी ओझे घेतले की ते दुसऱ्याच्या पाठीवर जाई, आणि तसे कुणी तोंडाने म्हणत नसले तरी त्यांना ते कळत होते. दुखण्यापेक्षा त्यावरच ते अधिक बोलत.

माझी बारा सत्रे पूर्ण झाली. ते सहाव्यानंतर आले नाहीत. सकाळी आमची वेळ आणि त्यांच्या गाड्या खाली करायची वेळ एकच होती.